पाच दिवसांचे ध्यान आणि मेंदू: कोल्हापुरातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

ध्यानाचा गुण यायला वर्षानुवर्षांची साधना लागते, असा समज आपल्याकडे जुना आहे. आणि आठवड्याभरात मेंदू पालटून देण्याची जाहिरात मोबाइलवर रोज दिसते. थोड्या दिवसांच्या सरावाने काही गोष्टी खरोखर बदलतात, हे प्रयोगांतून दिसलेले आहे, पण त्या मोजक्या आहेत आणि त्यांचा वेगही सारखा नाही. कोणती गोष्ट पाच दिवसांत हलते, कोणत्या गोष्टीला आठ आठवडे लागतात आणि कोणता दावा पुढच्या तपासणीत टिकला नाही, हे आधी माहीत असेल, तर नवशिका चौथ्या दिवशी कंटाळून उठत नाही आणि दहाव्या दिवशी चमत्काराची वाटही पाहत बसत नाही. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीने काम करणारे कामगार, दुकान आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रिया अशा वाचकांना समोर ठेवून पुढील क्रम मांडला आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, दीक्षा लागत नाही आणि कोणत्याही पंथाची अटही नाही.

प्रारंभी: किती अपेक्षा ठेवावी

अल्पकालीन ध्यानाविषयी सर्वाधिक उल्लेख होतो तो यी-युआन तांग, मायकेल पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2007 सालच्या प्रयोगाचा. चीनमधील 80 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाने पाच दिवस रोज 20 मिनिटे ध्यान केले, तर दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ अंग सैल सोडण्याचा, म्हणजे शिथिलीकरणाचा सराव केला. या दुसऱ्या गटामुळेच प्रयोगाला वजन आले आहे, कारण नुसते डोळे मिटून शांत बसल्यानेही माणसाला बरे वाटते आणि तेवढ्यावरून ध्यानाचा गुण सिद्ध होत नाही.

पाच दिवसांनंतर अवधानाची चाचणी झाली. तिच्यात पडद्यावर बाणांची ओळ दिसते, आजूबाजूचे बाण एकीकडे आणि मधला बाण कधी त्याच दिशेला तर कधी विरुद्ध दिशेला असतो, आणि आजूबाजूच्यांकडे दुर्लक्ष करून मधल्याची दिशा सांगायची असते. ध्यानाच्या गटाने यात दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारणा दाखवली. मात्र ही सुधारणा अवधानाच्या सर्व अंगांत झालेली नव्हती. सतर्क राहणे आणि योग्य जागेकडे लक्ष वळवणे यांत दोन्ही गटांत विशेष फरक पडला नाही. विसंगत गोष्टींपैकी नको ती बाजूला सारण्याची क्षमता तेवढी वाढली. राग, चिंता, उदासी आणि थकवा यांच्या नोंदी ध्यानाच्या गटात कमी झाल्या, आणि मनातल्या मनात हिशोब करायला लावून ताण दिल्यानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळले.

तेव्हा पाच दिवसांच्या सरावाकडून दोनच गोष्टींची अपेक्षा धरावी: मन भरकटवणाऱ्या गोष्टींना थोडे कमी बळी पडणे, आणि ताण आल्यानंतर थोडे लवकर सावरणे. स्मरणशक्ती दुप्पट होणे, स्वभाव बदलणे किंवा जुना आजार बरा होणे या यादीत नाही, आणि तसे सांगणाऱ्या शिक्षकापासून दूर राहिलेले बरे.

बसण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी

पहिली गोष्ट प्रकृतीची. ज्यांना पूर्वी भास-भ्रमाचा आजार झाला आहे, ज्यांना सध्या तीव्र नैराश्य आहे किंवा ज्यांच्या मनावर एखाद्या भीषण प्रसंगाचा आघात ताजा आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ध्यान सुरू करू नये. ध्यानाने कधीच अपाय होत नाही, ही समजूत चुकीची आहे. 2020 साली 83 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे 8 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याचे दिसले, आणि त्यात चिंता व उदासी वाढणे हे प्रकार अधिक होते. हे प्रमाण घाबरून जाण्याइतके नाही, पण दडवण्याइतके लहानही नाही. रक्तदाबाची, झोपेची किंवा मनाच्या आजाराची औषधे चालू असतील तर ती ध्यानाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नयेत. सरावाच्या काळात मन फार बिघडल्यास बसणे थांबवावे, आणि बोलायला कोणी नसेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक उपलब्ध आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. पहाटेचीच वेळ हवी, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. प्रयोगांतील विद्यार्थी काही ब्राह्ममुहूर्तावर उठून बसत नव्हते. रात्रपाळी करणाऱ्याने घरी आल्यावर अंघोळ करून झोपण्यापूर्वी बसले तरी चालते. वेळ कोणतीही असो, ती रोज एकच असावी आणि आधीच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडलेली असावी, म्हणजे दूध तापवून झाल्यावर, दुकानाचे शटर उघडण्यापूर्वी किंवा मुले शाळेच्या रिक्षात बसल्यानंतर. जेवण होताच बसणे मात्र टाळावे. रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर आडवा हात मारून जो ध्यानाला बसेल, त्याचे ध्यान पाच मिनिटांत घोरण्यात जाईल, आणि त्याचा दोष ध्यानपद्धतीला देता येणार नाही.

तिसरी गोष्ट जागेची. रंकाळ्याच्या काठावर किंवा विद्यापीठाच्या परिसरात झाडाखाली बसावे, असे बहुतेकांना पहिल्यांदा वाटते. परंतु सकाळी फिरायला येणाऱ्यांत निम्मे ओळखीचे निघतात आणि ‘काय, आज इकडं?’ या प्रश्नाला उत्तर देण्यातच सराव संपतो. म्हणून निदान पहिले काही आठवडे घरीच बसावे. सतरंजी किंवा घोंगडी अंथरून मांडी घालावी. गुडघे दुखत असतील तर सरळ पाठीच्या खुर्चीवर दोन्ही तळपाय जमिनीला टेकवून बसावे, त्यात कमीपणा नाही. पूर्ण शांततेची अपेक्षा ठेवू नये. पेठेतल्या घरात शेजारचा मिक्सर, गल्लीतली दुचाकी आणि दूधवाल्याची हाक येणारच. असे साधे आवाज सरावाच्या आड येत नाहीत. गणपतीच्या दिवसांत दाराशी डॉल्बी लागली असेल तर मात्र त्या वेळेपुरते बसणे पुढे ढकलावे.

पहिले पाच दिवस

गजर 20 मिनिटांचा लावावा आणि मोबाइल हाताच्या अंतरावर न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. पाठ ताठ पण आखडलेली नसावी, हनुवटी किंचित आत, डोळे मिटलेले किंवा जमिनीकडे झुकलेले असावेत. पहिली तीन-चार मिनिटे शरीराला द्यावीत: कपाळ, जबडा, खांदे, तळहात आणि पोट या क्रमाने लक्ष फिरवावे आणि जिथे ताठरपणा जाणवेल तिथे श्वास सोडताना तो सैल होऊ द्यावा. जबडा आणि खांदे यांकडे विशेष पाहावे, कारण दिवसभराचा ताण बहुधा तिथेच साठलेला सापडतो.

त्यानंतर श्वासाकडे यावे. श्वास ओढून, रोखून किंवा मोजूनमापून घेऊ नये. तो प्राणायाम झाला, आणि त्याचे नियम वेगळे आहेत. येथे श्वास आपल्या गतीने चालू द्यायचा आणि तो पोटाशी किंवा नाकपुड्यांशी कसा जाणवतो, एवढेच पाहायचे. काही मिनिटांत तो आपोआप संथ होतो आणि छातीपेक्षा पोट अधिक हलू लागते. तांग यांच्याच गटाने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पाच दिवसांच्या सरावानंतर ध्यान करणाऱ्यांच्या हृदयाची गती आणि त्वचेची विद्युतवाहकता शिथिलीकरण करणाऱ्यांपेक्षा कमी, तर पोटाच्या श्वासाची खोली अधिक असल्याचे आढळले होते. शरीराला विसावा देणारी परानुकंपी चेतासंस्था अधिक कामाला लागल्याची ही खूण आहे. त्याच वेळी मेंदूच्या पुढच्या भागातील अँटेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या पट्ट्यातही हालचाल वाढलेली दिसली. दोन विचारांत किंवा दोन इच्छांत ओढाताण झाली की ती ओळखण्याचे आणि आवरण्याचे काम या पट्ट्याशी जोडलेले आहे. बाणांच्या चाचणीतील सुधारणेचा धागा इथे जुळतो.

आता मुख्य अडचण. दोन-तीन श्वास होतात न होतात तोच मन उसाच्या बिलावर, राहिलेल्या पाठावर किंवा नणंदेच्या बोलण्यावर जाते. नवशिक्याला वाटते की आपल्याला ध्यान जमत नाही, आणि बहुतेक लोक इथेच सोडून देतात. या क्षणी मेंदूत काय घडते, याचा छडा 2012 साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठात वेंडी हॅसेनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी लावला. ध्यानाचा अनुभव असलेल्या 14 जणांना एमआरआय यंत्रात श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले आणि मन भटकल्याचे कळताच बटण दाबायला सांगितले. मन भटकत असताना मेंदूचे ‘डिफॉल्ट मोड’ हे जाळे, म्हणजे हाती काम नसताना स्वतःविषयी, कालच्या-उद्याच्या गोष्टींविषयी विचार करत राहणारे भाग, सक्रिय होते. भटकल्याचे ध्यानात आले त्या क्षणी दुसरे, महत्त्वाच्या गोष्टीची दखल घेणारे जाळे उजळले. आणि लक्ष परत वळवताना कपाळामागील नियंत्रणाचे भाग कामाला लागले. अनुभवी लोकांचेही मन भटकत होते, हे यातून आपोआपच कळते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की मन भटकणे, ते कळणे आणि परत येणे ही सगळी फेरी मिळून एक व्यायाम होतो. तालमीत जशी एकेक बैठक मोजली जाते, तशी इथे प्रत्येक परत येण्याची किंमत आहे. वीस मिनिटांत पन्नास वेळा मन गेले आणि पन्नास वेळा परत आणले, तर तो दिवस वाया गेलेला नसतो. परत येताना स्वतःवर चिडू नये आणि ‘का बरं गेलं’ याची चौकशीही करू नये, कारण ती चौकशी म्हणजे भटकण्याचाच पुढचा भाग असतो. विचार दाबून टाकण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तांग यांच्या पद्धतीतही विचारांशी झगडण्याऐवजी शरीर सैल ठेवून जागेपण टिकवण्यावर भर दिला जातो, आणि शिक्षक सोबत बसलेला असतो. घरी एकट्याने बसताना ही सोय नसल्यामुळे आपले निकाल प्रयोगापेक्षा थोडे मंद असतील, हे धरून चालावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बेचैनी वाढल्यासारखी वाटू शकते. मनात पूर्वीही तेवढाच गोंधळ होता, तो आता दिसू लागला आहे, असे बहुतेक वेळा असते. पाय बधिर झाल्यास सावकाश हलवावा. झोप येत असेल तर डोळे अर्धवट उघडावेत, आणि तरीही येत असेल तर झोपच अपुरी आहे असे समजून रात्री लवकर अंथरुणावर जावे.

दुखण्याबाबत एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. 2011 साली फादेल झैदान आणि सहकाऱ्यांनी 15 जणांना चार दिवस, रोज 20 मिनिटे ध्यान शिकवले आणि पोटरीवर चटका जाणवेल इतकी उष्णता देऊन वेदना मोजली. ध्यान करत असताना वेदनेची तीव्रता सरासरी 40 टक्क्यांनी आणि तिचा नकोसेपणा 57 टक्क्यांनी कमी नोंदवला गेला. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. पण माणसे अवघी 15, वेदना प्रयोगशाळेतली आणि मोजणी ध्यान चालू असतानाची, त्यामुळे कंबरदुखीच्या रुग्णाने यावरून औषध-व्यायाम सोडण्याचा निर्णय घेऊ नये. नकोसेपणा तीव्रतेपेक्षा अधिक उतरला, ही त्यातील बोधक गोष्ट आहे.

दुसरा ते चौथा आठवडा

पाच दिवस पूर्ण झाल्यावर रोजचा वेळ 20 मिनिटांचाच ठेवावा, किंवा जमल्यास अर्धा तास करावा. या काळात पद्धत बदलत बसू नये. एक आठवडा श्वास, मग एखाद्या अॅपवरचे संगीत, मग कोणी सुचवलेला मंत्र अशी धरसोड केली, तर कशाचा काय परिणाम झाला हे कळतच नाही. हवे असल्यास आठवड्यातून दोनदा शरीरभर लक्ष फिरवण्याचा लांब सराव करावा: तळपायापासून टाळूपर्यंत एकेक अवयव, कोणतीही संवेदना मुद्दाम निर्माण न करता, नुसता जाणून घेत जावा.

मेंदूच्या रचनेविषयीचे संशोधन याच टप्प्याचे आहे. ओरेगॉन विद्यापीठातील 45 विद्यार्थ्यांवर 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, महिनाभरात एकूण 11 तासांच्या सरावानंतर अँटेरिअर सिंग्युलेटला मेंदूच्या इतर भागांशी जोडणाऱ्या श्वेत तंतूंच्या मोजमापात फरक दिसला. हे मोजमाप तंतूंच्या कडेने पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने किती सरकतात, यावरून घेतलेले असते. म्हणजे तंतू जाड झालेले कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. यंत्राच्या संकेतावरून तसा अंदाज बांधलेला आहे. याच संशोधकांच्या 2012 सालच्या पुढील अभ्यासात दोन आठवड्यांनंतर बदलाचा पहिला भाग आणि चार आठवड्यांनंतर पुढचा भाग दिसला, आणि संशोधकांनी त्यांचा संबंध आधी तंतूंच्या दाटीशी व नंतर त्यांच्यावरील मायलिनच्या आवरणाशी लावला. कल्पना सुंदर आहे. परंतु गट लहान आहेत, आणि नवशिक्याने आपल्या कपाळामागे काही बांधकाम चालू असल्याचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून बसण्यापेक्षा श्वासाकडे बसलेले चांगले.

आठव्या आठवड्यापर्यंत

रोज 20 मिनिटे ज्यांना अशक्यच आहेत, त्यांच्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठातील 2019 सालचा अभ्यास उपयोगी आहे. त्यात ध्यानाची सवय नसलेल्या प्रौढांनी रोज 13 मिनिटे ध्यान केले आणि दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ पॉडकास्ट ऐकले. आठ आठवड्यांनंतर ध्यानाच्या गटात मनःस्थिती, अवधान आणि कामापुरती आठवण यांत सुधारणा दिसली. चार आठवड्यांच्या तपासणीत ती दिसलेली नव्हती. कमी मिनिटे घेतली तर अधिक आठवडे द्यावे लागतात, असा हिशोब यातून धरायला हरकत नाही.

आठ आठवड्यांचा मापदंड आला तो जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या ताणमुक्तीच्या कार्यक्रमातून. त्याच कार्यक्रमातील 16 जणांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पससह काही भागांतील करड्या द्रव्याची घनता वाढल्याचे आढळले, आणि ‘आठ आठवड्यांत मेंदू बदलतो’ हे वाक्य जगभर पसरले. पुढे 2022 साली रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेने 200 हून अधिक लोकांवर, तुलनेचे चांगले गट ठेवून, तीच गोष्ट तपासली आणि रचनेतील असा बदल सापडला नाही. डेव्हिडसन हे ध्यानसंशोधनाचे आद्य पुरस्कर्ते असूनही त्यांनी हा नकार प्रसिद्ध केला, त्यामुळे तो अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. जाहिरातींत मात्र अजून 2011 चाच निकाल चालतो.

मनःस्वास्थ्याची बाजू यापेक्षा भक्कम आहे. 2014 साली 47 प्रयोगांतील 3,515 लोकांच्या माहितीचा आढावा घेतला गेला, तेव्हा चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानाच्या कार्यक्रमांनी लहान ते मध्यम सुधारणा होते, असे दिसले. त्याच आढाव्यात व्यायाम किंवा औषधांसारख्या इतर उपायांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. कोल्हापुरात हे मुद्दाम सांगायला हवे: जो रोज तालमीत जातो, पोहतो किंवा रंकाळ्याला फेऱ्या मारतो, त्याने ती वेळ कापून ध्यानाला देऊ नये. व्यायाम राखून वर वेळ उरत असेल तर ध्यान करावे.

नोंदवही

एक साधी वही ठेवावी आणि रोज चारच गोष्टी लिहाव्यात: किती मिनिटे बसलो, रात्री किती तास झोप झाली, दिवसात किती वेळा चिडचिड झाली, आणि एका बैठकीत मोबाइल न पाहता किती वेळ काम किंवा वाचन झाले. बसण्याआधीचा एक आठवडा याच नोंदी करून ठेवाव्यात, नाहीतर तुलना कशाशी करायची हा प्रश्न राहतो. ‘आज ध्यान किती छान लागले’ हे लिहू नये. छान लागण्याच्या मागे लागले की सराव बिघडतो. घरच्यांना काही जाणवते का, हे महिन्यानंतर एकदा विचारावे. आपण शांत झालो आहोत असे आपल्याला वाटते त्यापेक्षा बायकोचे किंवा आईचे मत अधिक भरवशाचे असते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नये, नेहमीइतकेच बसावे.

शिबिराला कधी जावे

हातकणंगले तालुक्यात आळते येथे रामलिंगच्या डोंगराजवळ धम्मालय हे विपश्यना केंद्र आहे आणि जिल्ह्यातील अनेकजण ध्यानाची सुरुवातच तिथल्या दहा दिवसांच्या शिबिराने करतात. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील ही शिबिरे निःशुल्क असतात, खर्च पूर्वीच्या साधकांच्या दानातून चालतो. पण हा अनुभव या लेखातील वीस मिनिटांचा मोठा भाऊ नव्हे. पहाटे चारला उठणे, दिवसाला सुमारे दहा तास बसणे, आर्य मौन पाळणे आणि मोबाइल जमा करणे हे सगळे एकदम येते; पहिले तीन दिवस श्वासावर आणि त्यानंतर शरीरावरील संवेदनांवर काम करावे लागते. म्हणून आधी घरी आठ आठवडे पूर्ण करावेत, एखाद्या सुट्टीच्या दिवशी तासाभराची बैठक दोनदा करून पाहावी आणि मगच अर्ज भरावा. घरी लहान मूल, आजारी माणूस किंवा अंगावर आलेली परीक्षा असेल तर तारीख पुढची घ्यावी, कारण शिबिर मध्येच सोडून न जाण्याची अट आधी मान्य करावी लागते. अर्जात शारीरिक व मानसिक आजार आणि चालू औषधे यांविषयी विचारलेले असते. तिथे एकही गोष्ट न लपवता लिहावी, आणि काही शंका असेल तर अर्ज पाठवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दाखवावा.